जप्त केलेली कमान

हे प्रकरण सांगायचं मी आजवर टाळत आलो. विसरलो म्हणून नव्हे. नोकरीतल्या इतर कुठल्याही घटनेपेक्षा ते मला जास्त स्पष्ट दिसतं. निवृत्तीनंतर भिलाईतल्या रिसालीत मुलाच्या घरी राहायला आलो, तेव्हापासून संध्याकाळी पारावर बसलं की लोक म्हणतात, साहेब, एखादी जुनी केस सांगा. मी दरोड्याची सांगतो, रेल्वेच्या तांब्याच्या तारेची सांगतो. भिलाईचा कुणी जुना माणूस असला तर तो हमखास विचारतो, "ती शाळेची कमान तुम्हीच पकडली ना?" मी मान हलवतो आणि विषय बदलतो. ते मान हलवणं खोटं होतं. म्हणून आता जसं घडलं तसं लिहितो. नावं कुणाचीच घालत नाही. बरीच माणसं आता नाहीत, आणि त्यांची मुलं-नातवंडं याच गावात राहतात.

मी मूळचा वर्धेकडचा. राज्यांची फेररचना झाली तेव्हा माझी नेमणूक दुर्ग जिल्ह्यात होती, त्यामुळे मी मध्य प्रदेशच्या पोलिसांतच राहिलो. भिलाईला पोलादाच्या कारखान्याची उभारणी चालू होती. पावर हाउस नावाच्या भागात आमची चौकी होती, म्हणजे पत्र्याची एक शेड, त्यात एक टेबल, दोन बाकं आणि विटांची एक कोठडी. दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी लाल मुरमाची धूळ कागदांवर बसायची. स्टेशनवर रोज नवी माणसं उतरत. फिर्यादी एका भाषेत बोलायचा, आरोपी दुसऱ्या, साक्षीदार तिसऱ्याच. आमच्याकडे येणारे निम्मे गुन्हे लोखंडाच्या चोरीचे. सळई, बोल्ट, पत्रा, काहीही उचललं जायचं. कुणाच्या घरात लोखंड सापडलं की तो चोर, असा माझ्या मनाचा साचाच झाला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली.

मरोदा गावाच्या पलीकडे मजुरांची एक वस्ती होती. बहुतेक कुटुंबं भंडारा-गोंदियाकडची. मुलांसाठी शाळा हवी म्हणून या लोकांनी सुटीच्या दिवशी स्वतः राबून एक शेड उभी केली होती. वर पत्रे, बाजूंना तट्टे, खाली मुरूम. पण सांगाडा पक्का होता. लोखंडी अँगलचे उभे खांब आणि प्रत्येक खांबाला दोन तिरपे टेके. वाऱ्याने शेड कलू नये म्हणून हे टेके असतात. त्या कामाचा पुढारी वस्तीतलाच एक रिगर होता. रिगर म्हणजे दोरखंड, पुली आणि माणसांच्या जोरावर अवजड लोखंड उचलून जागेवर बसवणारा. त्याची मुलगी त्याच शाळेत तिसरीत होती.

शाळा बांधली पालकांनी, पण कारभार शाळा समितीकडे. समितीत वस्तीतला एकही माणूस नव्हता. अध्यक्ष मांडव आणि बांधकामाचे ठेकेदार होते. शिक्षण खात्यात त्यांची ऊठबस होती. मास्तरांची नेमणूकही त्यांच्याच शब्दावर झालेली.

चैत्रातल्या एका दिवशी, शाळा सुटायच्या सुमारास, कोरडं वादळ आलं. शेड एका अंगाला कलली आणि बसली. जीव कुणाचा गेला नाही. डोकी फुटली, हात मोडले, आणि रिगरच्या मुलीच्या पायावर खांब पडला. नडगीचं हाड दोन जागी मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी पंचनाम्याला गेलो तेव्हा पालक जमले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वस्तीतल्या बांबूच्या झोपड्या उभ्या आहेत, मग लोखंडाची शाळा का पडली? ढिगाऱ्यात खांब आहेत, पत्रे आहेत, तिरपे टेके मात्र एकही नाही. ते कुणी काढले? त्यांना भरपाई नको होती. समितीने याच जागेवर, सगळ्यांसमोर उत्तर द्यावं, एवढीच मागणी होती.

समितीचं उत्तर होतं, वादळ. अध्यक्ष मला मैदानाकडे घेऊन गेले. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी दौऱ्यावर येणार म्हणून समितीने मैदानाच्या तोंडाशी मोठी स्वागताची कमान उभारली होती. दौरा पुढे ढकलला गेला होता, कमान तशीच होती. निळा रंग, वर कागदी पताका. अध्यक्ष तिच्यावर थाप मारून म्हणाले, "देखिए थानेदार साहब, इसे कहते हैं काम. आँधी में हिली तक नहीं." मीही कौतुक केलं. मजुरांनी बांधलेली शाळा पडली आणि ठेकेदाराची कमान टिकली, याचा अर्थ मला त्या वेळी उघड वाटला.

टेक्यांचा प्रश्न उरला. त्यावर अध्यक्ष सहज बोलून गेले की ज्यांना लावता येतात त्यांनाच काढताही येतात.

लगेचच खबर आली. पावर हाउसच्या बाजारातला एक चहावाला अधूनमधून आम्हाला माहिती द्यायचा. तो म्हणाला, शाळेचं लोखंड रिगरच्या झोपडीत आहे. मी हवालदाराला घेऊन गेलो. खाटेखाली शाळेचा एक खांब मिळाला. मला एवढं पुरेसं होतं. रिगर मुलीजवळ रुग्णालयात आहे असं कळलं, तिथे जाऊन मी त्याला अटक केली. ती अटक कशी केली ते पुढे सांगतो. आत्ता लिहायला हात उचलत नाही.

दुर्गच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून मी त्याची पोलीस कोठडी घेतली आणि विचारपूस सुरू केली. चोर दोन प्रकारचे असतात. एक फार बोलतो, दुसरा अजिबात बोलत नाही. हा दोन्हींत बसत नव्हता. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा, आणि मग मलाच काहीतरी विचारायचा.

खांब घरी का नेला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "हा खांब माह्या पोरीच्या पायावर पडला जी. तिथं राह्यला असता तं भंगारात गेला असता. याले टेका नव्हता, हे दाखवाले मले तो पायजे होता."

"टेके कुठे आहेत?"

"तेच तं आमी इचारून राहिलो साहेब. तुमी मले कावून इचारता?"

मग त्याने दसऱ्याचं सांगायला सुरुवात केली. शेड दसऱ्याच्या आधी उभी राहिली होती. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि आपल्याकडे मुलांच्या पाट्यांची. या लोकांनी दोन्ही पूजा शाळेत एकत्रच केल्या. एकाच्या आकड्यांना एक जोडत पाटीवर आपण जी सरस्वती काढतो, ती त्यांनी लोखंडावर उमटवली. प्रत्येक टेका एका मुलाचा. मुलाने हातात पोलादी पंच, म्हणजे खूण ठोकायचा टोकदार खिळा, धरायचा, बापाने वरून हातोडी मारायची, अशी ठिपक्याठिपक्यांची सरस्वती. "टेके भेटले तं ओळखाले काही कठीण नाई," तो म्हणाला.

मी त्याला मध्येच थांबवलं. "मी देवाचं विचारत नाही. लोखंडाचं विचारतोय."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

इकडे चौकीसमोर पालक येऊन बसले. धरणं मी पुष्कळ पाहिली होती. माणसं पहिल्या दिवशी ओरडतात, दुसऱ्या दिवशी निम्मी होतात, तिसऱ्या दिवशी कामावर जातात. मी तीच वाट पाहत होतो. पण हे कमी होईनात आणि कामावर गैरहजरही होईनात. माझा हवालदार छत्तीसगढी, वयाने मोठा. त्याच्या आधी लक्षात आलं. हसू दाबत तो म्हणाला, "साहेब, ये मन तो पारी बदल-बदल के बइठत हें." खरंच ते पाळ्या लावून बसत होते. कारखान्याचा भोंगा झाला की बसलेली तुकडी उठायची, सुटलेली पाळी थेट येऊन त्यांच्या जागी बसायची. जाणारा येणाऱ्याला सांगायचा, साहेब आत आहेत, रिगरला चहा दिला, अध्यक्ष एकदा येऊन गेले. जसा मशीनवर चार्ज देतात तसा. कुणावर कामचुकारीचा ठपका ठेवायला जागा नव्हती, आणि चौकीसमोरची जागा एक क्षण रिकामी नव्हती.

बायका सगळ्या पाळ्यांना असायच्या. त्यांच्यातली एक म्हातारी मला रोज विचारायची, "साहेब, आमची तं पाळी बदलते. तुमची ड्युटी कधी सुटते जी?" सगळ्या हसायच्या. मी रागाने आत जायचो.

रिगरची बायको मात्र त्यांच्यात नसायची. हवालदाराने येऊन सांगितलं की ती वेगळंच काहीतरी करत फिरते आहे. कुठे लोखंडी खांब दिसला की त्याच्यावरून हात फिरवते. रुग्णालयाचा व्हरांडा, सायकल स्टँड, दुकानांचे मांडव, पाण्याच्या टाकीचे पाय. लोक म्हणत होते, नवरा कोठडीत आणि पोरगी खाटेवर, बाईचं डोकं फिरलं. मीही रोजनाम्यात तशीच नोंद केली, आरोपीच्या पत्नीची मनःस्थिती ठीक नाही. नवऱ्याने मला जे सांगितलं होतं ते माझ्या कानावरून गेलं होतं, म्हणून ती काय शोधते आहे हे मला कळलंच नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या दौऱ्याची नवी तारीख ठरली. आदल्या दिवशी बंदोबस्त आखत बसलो होतो तेव्हा ती चौकीच्या दारात येऊन उभी राहिली. पदर धुळीने लाल, बोटांना निळा रंग.

"साहेब, भेटली," ती म्हणाली.

"कोण भेटली?"

"माह्या पोरीची सरस्वती. चला."

तिला परत पाठवायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण बाहेरची सगळी पाळी उठून उभी राहिली होती, आणि हवालदारही टोपी घालून तयार झाला होता. मी गेलो, तो चिडूनच.

ती आम्हाला कमानीपाशी घेऊन गेली. कमानीच्या एका तिरप्या अँगलकडे बोट दाखवून म्हणाली, "डोळ्यानं नाई दिसत जी. रंग लई जाड हाये. बोट फिरवून पाहा."

मी बोट फिरवलं. रंगाखाली खळगे लागले. एकाखाली एक, मग वळण, मग पुन्हा सरळ. माझं बोट आपोआप पुढच्या खळग्याकडे जायला लागलं, कारण ते वळण त्याला माहीत होतं. दर दसऱ्याला मी ते पाटीवर गिरवलं होतं. शेवटच्या टोकापाशी एक खळगा रांगेबाहेर लागला.

"तिचा शेवटचा ठोका निसटला होता," ती म्हणाली. "बाप म्हणे पुन्हा मारू. पोरगी म्हणे नाई, राहू द्या, माही ओळखाले येते."

मी दुसऱ्या अँगलवर हात फिरवला. तिथेही सरस्वती. तिसऱ्यावरही. ती पूर्ण कमान शाळेच्या टेक्यांवर उभी होती. वादळात हलली नाही, ती याच टेक्यांमुळे. शाळा पडली, तीही हे टेके इथे आल्यामुळे. ज्यांनी काढले त्यांनी खुणाही पाहिल्या असणार, पण ती माणसं मराठी मुलखातली नव्हती. कारखान्यातली काही खूण असेल असं समजून त्यांनी त्यावर रंग फासला.

मी मास्तरांना मैदानावरच बोलावून घेतलं. चौकीत नेलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणालो, मास्तर, इथे हात लावा. ते मराठी शिकवणारे गृहस्थ. बोट अर्ध्यावर गेलं आणि त्यांनी हात काढून घेतला. मग खालीच बसले आणि सांगू लागले. अध्यक्षांना कमानीसाठी सरळ, मजबूत लोखंड हवं होतं. शाळेत आले, टेक्यांकडे बघून म्हणाले, शाळा उभीच आहे, हे आडवेतिडवे कशाला? दौरा झाला की परत लावू. मास्तर म्हणाले, "मी नाही म्हणालो नाही साहेब. नोकरीचा विचार केला. दौरा लांबला, रोज वाटायचं उद्या आठवण करून देऊ."

अध्यक्ष धावत आले तोवर मी पंच बोलावले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "थानेदार साहब, बात का बतंगड़ मत बनाइए. हम कमान अभी उतार लेते हैं. कल साहब सादा स्वागत ले लेंगे, किसी को पता नहीं चलेगा."

मी म्हणालो, "अब इसे कोई हाथ नहीं लगाएगा. कमान जप्त है."

कमान जप्त, असं लिहिताना आमच्या मुन्शीने मला दोनदा विचारलं, काय जप्त? मालखान्यात ती मावणार नव्हती, म्हणून जागेवरच चार शिपाई उभे केले. चहावाल्यालाही बोलावलं. खबर त्याची नव्हती, अध्यक्षांच्या मुकादमाने चहा पिता पिता त्याच्या कानात घातली होती. मुकादमाच्या माणसाने रिगरला ढिगाऱ्यातून खांब नेताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुर्गला जाऊन मॅजिस्ट्रेटपुढे अहवाल ठेवला आणि रिगरच्या सुटकेचा हुकूम घेतला. दुपारी शिक्षणाधिकारी आले. गाडी कमानीपाशी थांबली आणि थांबूनच राहिली. समोर माझे शिपाई, मागे सगळी वस्ती. त्या दिवशी मजुरांच्या सुटीचा वार होता, त्यामुळे तिन्ही पाळ्या हजर.

"अंदर क्यों नहीं जा सकते?" त्यांनी विचारलं.

मी सॅल्यूट ठोकून सांगितलं की कमान चोरीचा माल आहे, हिच्याखालून कुणाला जाता येणार नाही.

ते गाडीतून उतरले. पालकांनी घोषणा दिली नाही, दगड उचलला नाही. रिगरची बायको पुढे आली, रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी तिने एका मुलाच्या हातात दिली. मुलं एकेक करून कमानीला भिडली. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाच्या डोक्याला पट्टी. निळा रंग सुटत गेला आणि खालून सरस्वत्या निघाल्या. "हे माही." "माही वाकडी हाये, बाबा दारू पिऊन होता." सगळे हसले, तो बापही हसला. बायकांनी प्रत्येक खुणेवर हळद-कुंकू लावलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, वाकून एका खुणेवर स्वतः बोट फिरवलं. मग गळ्यातला हार काढून शिपायाच्या हातात दिला आणि अध्यक्षांकडे वळून विचारलं, हे टेके कुणी काढले?

अध्यक्षांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मी बाजूला झालो, माझी चूक झाली. काढायला यांनी सांगितलं." ते हे पालकांकडे तोंड करून बोलले, अधिकाऱ्यांकडे नाही.

धरण्याला बसून पालकांना वाट पाहायची सवय झाली होती. ते वाट पाहत उभे राहिले. अखेर अध्यक्ष म्हणाले, "मैंने निकलवाए."

शिक्षणाधिकारी म्हणाले, "ज़ोर से कहिए. बच्चे पीछे तक खड़े हैं."

त्यांना ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं.

मग रिगर पुढे आला. कमानीभोवती एक फेरी मारली, कुठला बोल्ट आधी सोडायचा ते दाखवलं आणि हाक दिली. एवढ्या लोकांनी एकाच वेळी हात लावला की कमान उतरायला वेळ लागत नाही. पंचनाम्यावर सह्या झाल्या, आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी विनंतीवरून मी टेके शाळेच्या ताब्यात दिले. खांद्यावर टेके घेऊन मैदानापासून वस्तीपर्यंत अशी मिरवणूक निघाली की मी तशी पुन्हा पाहिली नाही. ढोल होता, लेझीम होती, आणि सगळ्यांत पुढे ती म्हातारी. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "सुटली ना जी तुमची ड्युटी?"

जुनी समिती बरखास्त झाली. नव्या समितीत पालक आले, रिगरची बायकोही आली. तिचा पहिला ठराव होता, पालक हजर असल्याशिवाय शाळेचा एक नटही कुणी सोडायचा नाही. अध्यक्षांवर निष्काळजीपणाचा खटला भरला, आणि दुर्गच्या कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. शाळा पुन्हा उभी राहिली आणि पुढे कितीतरी वादळांत उभी राहिली.

आता राहिलेलं सांगतो.

वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, तपासी अधिकाऱ्याने बंदोबस्ताची पाहणी करताना स्पर्शाने खूण ओळखली. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली, पुढच्या बढतीत तिचा उपयोगही झाला. खूण मी ओळखली नव्हती. आरोपीने मला ती पहिल्याच दिवशी सांगितली आणि मी त्याला गप्प केलं. त्याच्या बायकोने ती शोधून काढली आणि मी तिला वेडी ठरवलं. दफ्तरातलं माझं ते वाक्य खोटं आहे.

आणि ती अटक. रुग्णालयाच्या व्हरांड्यात खाटा लावल्या होत्या. मुलगी नुकतीच शुद्धीवर आली होती, पायाला लाकडी पट्ट्या बांधलेल्या. रिगर हातात पाण्याचा गडवा घेऊन तिच्या उशाशी वाकला होता. मी बेड्या काढल्या. तो म्हणाला, "साहेब, पोरगी पाणी मांगून राहिली. पाजतो अन् येतो." तेवढंच मागितलं. मी म्हणालो, नर्स पाजेल. भरलेला गडवा हवालदाराने त्याच्या हातातून घेतला आणि मी तिच्यासमोर बेड्या घातल्या. तो पळून जाणार नव्हता हे मला तेव्हाही माहीत होतं. वस्तीतले लोक बघत होते, माझा वचक बसावा, एवढाच हिशेब होता.

सुटका झाली त्या सकाळी तो म्हणाला, आधी पोरीकडे. मीच त्याला जीपमधून नेलं. तिथेच दोन शब्द बोलायचे, असं ठरवून गेलो होतो. मुलीने बापाला पाहिलं आणि हसली. मग त्याच्या मागे मला पाहिलं. तिने बापाचे दोन्ही हात धरून आपल्या चादरीखाली ओढून घेतले आणि वर चादर घट्ट दाबून धरली. मी दारातूनच परतलो.

या प्रकरणाने मला बरंच शिकवलं. नंतरच्या नोकरीत मी खबर देणाऱ्याला आधी विचारायचो, तुला कुणी सांगितलं. आरोपी भलतंच काही बोलतोय असं वाटलं की मुद्दाम ऐकत बसायचो. मुलांसमोर मी पुन्हा कुणाला बेड्या घातल्या नाहीत. नव्या पोरांना शिकवताना हे सगळं सांगायचो, कुठून शिकलो ते मात्र सांगायचो नाही.

रिगरची जात फिरती. एक कारखाना उभा राहिला की दुसऱ्या उभारणीवर जायचं. काही काळाने तेही निघाले. मला हवालदाराने सांगितलं, आणि मी वर्दी न घालता पावर हाउसच्या स्टेशनवर गेलो. गाडी लागली होती. मुलगी खिडकीशी बसली होती, काठी शेजारी टेकवलेली. वस्तीतली माणसं निरोपाला आली होती. रिगर मला पाहून खाली उतरला. "रामराम साहेब," म्हणाला. तिची आईही दारापर्यंत आली. मी विचारलं, सामान फार आहे का? तो म्हणाला, नाई जी, मानसंच जास्त हायेत.

तेवढ्यात मुलगी आतून म्हणाली, "बाबा, पाणी."

त्याने खिडकीतून गडवा घेतला. मी त्याच्या हातातून तो घेतला, नळावर गेलो, विसळून काठोकाठ भरला आणि खिडकीतून तिला दिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. बापाने मान हलवल्यावर तिने गडवा तोंडाला लावला. माझं वाक्य तयार होतं. पोरी, त्या दिवशी मी तुझ्या बाबांना तुला पाणी पाजू द्यायला हवं होतं, माझं चुकलं. तिचं पिऊन झालं की म्हणायचं, असं ठरवून मी उभा राहिलो.

तिला फार तहान लागली होती. ती पीत असतानाच गाडी हलली.